भिमाबाईंच्या पायातला आवाज

मी एक जुना डॉप्लर आहे. हे नाव ऐकून तुमच्यातल्या निम्म्या जणांनी तोंड वाकडं केलं असणार, याची मला कल्पना आहे. मित्रांनो, स्टेथोस्कोप तुम्ही सगळे ओळखता. शाळेच्या नाटकात डॉक्टर व्हायचं असलं की त्यालाच गळ्यात अडकवता. माझं चित्र मात्र तुमच्या एकाही पुस्तकात नाही. त्याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही.

दिसायला मी फारसा देखणा नाही. हाताच्या पंजाएवढी राखाडी डबी, तिच्या पोटात एक स्पीकर आणि दोन सेल, आणि वायरने जोडलेली पेनासारखी एक कांडी. कांडीच्या टोकाला थोडी जेली लावायची आणि टोक पायावर तिरकं टेकवायचं. मग कातडीखालून धावणारं रक्त मला ऐकू येतं आणि मी ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकवतो. निरोगी पायात ते कसं बोलतं, सांगू? हुश्श-हुप-हुप, हुश्श-हुप-हुप. अगदी ठसक्यात. नस आतून अरुंद झाली की ठसका जातो आणि नुसतं हूऽऽ, हूऽऽ उरतं. नस पुरती बंद असेल, तर माझ्या पोटातून फक्त खरखर येते. ती खरखर मला मुळीच आवडत नाही. लोकांना वाटतं, मीच बिघडलो.

माझा जन्म एका कारखान्यात, माझ्यासारख्याच शंभरेक भावंडांबरोबर झाला. तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्या प्रत्येकाची कांडी स्वतःच्या मनगटावर लावून बघायच्या आणि मगच त्याला खोक्यात ठेवायच्या. त्यांचं नाव मला माहीत नाही. पण आयुष्यातला पहिला आवाज मी त्यांच्या मनगटात ऐकला आणि त्या माझ्याकडे बघून "बरा आहे" म्हणाल्या. इतक्या साध्या कौतुकावरही माझ्यासारख्याचं बरंच भागतं.

खोक्यातून निघालो तो थेट उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. खाली कपड्यांची दुकानं, वर दुसऱ्या मजल्यावर छोटंसं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टर नूतन रक्तवाहिन्यांच्या सर्जन. कमी बोलणाऱ्या आणि भराभर चालणाऱ्या. त्यांच्या हाताखाली सिस्टर करिष्मा, बदलापूरच्या बेलवलीहून येणारी. ती सगळ्यांशी बोलायची, माझ्याशीसुद्धा. "चला राजे, ड्युटीवर," म्हणत मला खिशात टाकायची. एकदा माझी वायर तुटली. कंपनी म्हणाली, आता नवीनच घ्या. करिष्मा मला मागच्या गल्लीत मिक्सर दुरुस्त करणाऱ्या लछमनदासांकडे घेऊन गेली. "बेटा, वायर ही तो है, दो मिनट बैठ," म्हणत त्यांनी डाग मारून दिला आणि वर काळी पट्टी गुंडाळली. तेव्हापासून मी जरा रिपेरीवाला दिसतो. पण आवाज पहिल्याइतकाच स्वच्छ राहिला.

सात-आठ वर्षं मी कितीतरी पाय ऐकले. गिरणीतले, दुकानातले, शेतातले. माझ्या आवाजावरून डॉक्टर ठरवायच्या, कुणाला गोळ्यांवर ठेवायचं, कुणाची नस उघडायची. मला वाटू लागलं, माझ्यावाचून या हॉस्पिटलचं पानही हलत नाही.

आणि मग ते मोठं रंगीत मशीन आलं. हार काय, नारळ काय, पेढे काय! त्याच्या पडद्यावर रक्त लाल-निळं दिसतं. दिसतं म्हटल्यावर ऐकणार कोण? मी ड्रॉवरमध्ये गेलो. तिथे माझ्या सोबतीला मागच्या वर्षीचं कॅलेंडर, रबरबँड आणि फाटका ब्लडप्रेशरचा पट्टा होता. माझे सेलसुद्धा कुणी काढून ठेवले नाहीत. सेल आत तसेच राहिले की पाझरतात आणि आमच्यासारख्यांचं पोट कायमचं खराब करतात. सात महिने मी ती धास्ती घेऊन पडून होतो. करिष्मावर माझा फार राग होता.

एका शुक्रवारी वीज नव्हती. रंगीत राजेसाहेब डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात जिन्यात गडबड झाली. चौघांनी मिळून एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून एका आजींना वर आणलं. करिष्माने ड्रॉवर ओढला, मला बाहेर काढलं आणि नवे सेल घातले. तिने काही माफी वगैरे मागितली नाही. मीही विषय वाढवला नाही.

त्या आजी म्हणजे भिमाबाई. वय अडुसष्ट. अंबरनाथला मोरिवलीजवळच्या बिस्किटांच्या कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं पॅकिंगचं काम केलं, तेही उभ्याने. आता तिथूनच जवळ मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. इमारतीला लिफ्ट नव्हती. मुलगा महेंद्र एका ऑफिसात कामाला. सून यशोधरा शाळेत शिक्षिका. दोघंही सोबत आली होती.

"जय भीम, डॉक्टरीणबाई," भिमाबाई म्हणाल्या. "पाय बघा जरा माझा. लई छळतोय."

"कधीपासून दुखतंय, आजी?"

"चालताना पोटरी धरायची, त्याला झाली दोन वर्सं. मी म्हणलं, जन्मभर उभी ऱ्हायले, त्याचं असंल. आता बसल्या जागी दुखतंय. रात्री पाय खाटंखाली सोडला का मग कुठं डोळा लागतो."

"आणि मी तो उचलून परत उशीवर ठेवते, मॅडम," यशोधरा म्हणाली. "मला वाटायचं, लटकून सुजेल."

"यापुढे ठेवू नका. खाली सोडला की जरा तरी रक्त पोचतं, म्हणून त्यांना बरं वाटतं."

यशोधराचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी पायावरचं फडकं बाजूला केलं. उजव्या पायाचा अंगठा टोकाला काळा पडला होता आणि पाऊल गार होतं.

"साखर आहे का?"

"आहे," महेंद्र म्हणाला. "गोळ्या चालू आहेत."

"तंबाखू खाता? विडी ओढता?"

भिमाबाईंना राग आला. "नाय बाई! आमच्या घरात तसल्याला कुणी शिवत नाय."

"नाही मॅडम, आई तसलं काही घेत नाही," महेंद्रनेही सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर 'नाही' लिहिलं.

मग माझी पाळी आली. पावलाच्या वर टेकवलं, खरखर. जरा इकडे, जरा तिकडे, खरखर. घोट्याच्या मागे टेकवलं, तेव्हा खूप खोलातून एक हूऽऽ आलं. डॉक्टरांनी घोट्यावर पट्टा बांधून फुगवला. दाब चाळीसवर जाताच माझा आवाज बंद पडला. दंडाचा दाब एकशे चाळीस होता. दंडात एकशे चाळीस आणि घोट्यात चाळीस! मी पुष्कळ पाय ऐकले होते, पण मीही मनातून घाबरलो.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "पायात रक्त नेणाऱ्या नसा बंद होत आल्यात. त्या उघडायला पाहिजेत. नाहीतर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल."

भिमाबाईंनी फडकं पुन्हा पायावर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "पाय काढला तर मी तीन माळे उतरणार कशी? आईतवारी विहारात जाते, बाया भेटतात. तेवढंच माझं जग हाय. मग तुम्ही मला खाली आणाल ते एकदाच."

महेंद्रने मान खाली घातली. यशोधरा खिडकीकडे वळून डोळे पुसू लागली. त्या दिवशी मला माझा ड्रॉवर, माझा रुसवा, सगळं क्षुल्लक वाटलं. हा पाय वाचला पाहिजे, एवढंच मला कळत होतं.

आठवडाभरात एका मोठ्या हॉस्पिटलात भिमाबाईंची नस उघडली. डॉक्टरांनी मला सोबत नेलं होतं. जांघेतून एक बारीक तार आत घातली, ती बंद जागेतून पलीकडे नेली आणि तिच्यावरून एक इवलासा फुगा नेऊन फुगवला. नस आतून रुंद झाली. भिमाबाई जाग्याच होत्या. फुगा काढल्यावर डॉक्टरांनी मला पावलावर टेकवलं. हुश्श-हुप, हुश्श-हुप. शेवटची 'हुप' नव्हती, पण ठसका होता!

"ह्यो माझ्या पायाचा आवाज?" भिमाबाईंनी विचारलं.

"तुमच्याच पायाचा."

"लई दिसांनी बोलला गं बया."

महेंद्रने तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. काळा अंगठा मात्र गेलेलाच होता. तो नंतर काढावा लागला. "जखम सहा आठवड्यांत भरेल," डॉक्टर म्हणाल्या. करिष्माने मला स्पिरिटने पुसून टेबलावर, रंगीत मशीनच्या शेजारी जागा दिली. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण मित्रांनो, माझा तोरा फार टिकला नाही. तिसऱ्या आठवड्यात भिमाबाई तपासणीला आल्या तेव्हा आवाज जरा बसका लागला. पाचव्या आठवड्यात आणखी बसका. जखम भरायचं नाव घेईना. आठव्या आठवड्यात पुन्हा हूऽऽ, हूऽऽ. अंगठ्याशेजारचं बोटही काळपट दिसू लागलं होतं. डॉक्टरांनी माझे सेल बदलायला लावले. मला आधी अपमान वाटला, मग वाटलं, खरंच माझीच चूक असेल तर किती बरं होईल! पण मी चुकत नव्हतो.

"गोळ्या चुकतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

यशोधराने रिकाम्या पट्ट्या काढून दाखवल्या. एकही चुकली नव्हती. साखरही आटोक्यात होती.

"तंबाखू नाही ना?"

"किती येळा इचारताल? नाय म्हणलं ना!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आता एकच उपाय उरलाय. डाव्या पायातली एक शीर काढून उजव्या पायात जोडायची, बंद नसेला वळसा घालून. बायपास. तीही बंद पडली तर मात्र माझ्या हातात काही नाही."

महेंद्र आणि यशोधरा कागदांवर सह्या करायला बाहेर गेले. करिष्मा पट्टी बदलत होती. जखमेला हात लागला तशी भिमाबाईंनी कळवळून तिचं मनगट घट्ट पकडलं. करिष्माची नजर त्यांच्या बोटांवर गेली.

"आजी, हे बोट काळं कशानं?"

"कंचं? हां, मशेरीनं गं."

करिष्माचा हात थांबला. "मशेरी लावता तुम्ही?"

"लावते की. सकाळी उठल्यावर."

"सकाळीच फक्त?"

"सकाळी, च्या घेतल्यावर, जेवल्यावर. आता पाय ठणकतोय तर जास्तच. जरा गुंगी येती, पाय इसरते."

"मग मॅडमनी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा नाही का म्हणालात?"

"त्यांनी तंबाखू इचारली," भिमाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात लबाडीचा लवलेशही नव्हता. "मशेरी का खायाची असती? दात घासायाची असती. मी थुकून टाकते."

करिष्मा धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. मागोमाग महेंद्र आणि यशोधरा. महेंद्र तर कपाळावर हात मारून उभाच राहिला. "मॅडम, आई घरीच भाजते तव्यावर. मी लहानपणापासून बघतोय. पण आमच्यात मशेरीला कोणी तंबाखू समजतच नाही. दंतमंजन असावं तशी ती मोरीत ठेवलेली असते."

मला वाटलं, आता डॉक्टर चिडणार. त्या भिमाबाईंच्या शेजारी स्टुलावर बसल्या.

"चूक माझी आहे, आजी. मी पुस्तकातला प्रश्न विचारत राहिले. तंबाखू भाजली म्हणून तिचं विष जळत नाही. हिरड्यांतून ते रक्तात जातं आणि नसा आवळतं. सगळं मशेरीनंच झालं असं मी म्हणणार नाही, साखर आहे, वय आहे. पण मी फुगा घालून नस उघडली आणि तुम्ही रोज कितीतरी वेळा ती आवळत होतात."

भिमाबाईंनी ते काळं बोट पदराला पुसलं. "पॅकिंगला बोलायची बंदी असायची हो. आठ आठ घंटे हात चालवायाचे. तोंडात मशेरी असली का येळ जायाचा. सगळ्याच बाया लावायच्या. माझ्या आयनं लावली, मी लावली. ती आपली दुश्मन असंल असं कुणाला वाटंल?" आणि त्या रडू लागल्या. मी जेली लागलेल्या अवस्थेत तसाच उशीवर पडून होतो आणि माझ्या मनात एक विचार आला. रक्त ऐकण्यात मी इतका हुशार, पण या बाईच्या शेजारी आठ आठवडे असून मला काय ऐकू आलं?

शस्त्रक्रियेला बारा दिवस होते. त्या बारा दिवसांची हकिगत मी नंतर यशोधराकडून ऐकली. पहिल्याच दिवशी तिने मशेरीची डबी संडासात रिकामी केली. भिमाबाईंचं डोकं दुखायचं, हात थरथरायचे, जेवणाचं ताट त्या ढकलून द्यायच्या. "आईंनी माझ्याशी तीन दिवस अबोला धरला," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी म्हणाल्या, लवंग दे तोंडात ठेवायला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला."

बायपासला पाच तास लागले. मला बाहेर ट्रेमध्ये ठेवलं होतं. शेवटी डॉक्टरांनी हाक मारली आणि करिष्माने मला नेऊन पावलावर टेकवलं.

खरखर.

 करिष्माने मला केसभर सरकवलं. खरखर. आणखी केसभर. माझ्यात होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी ऐकत होतो. आणि ते आलं. हुश्श-हुप-हुप. अगदी तिन्ही! डॉक्टर नूतन, ज्यांना मी कधी मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं, त्या मास्कच्या आड हसल्या. करिष्मा तर रडतच होती. मलाही भरून आलं. पण माझ्यातून दुसरा कुठलाच आवाज निघत नाही, म्हणून मी तोच पुन्हा पुन्हा काढत राहिलो.

काळं पडलेलं दुसरं बोट काढावं लागलं. पाय राहिला. सहा महिन्यांनी भिमाबाई कॅम्प दोनला आल्या त्या काठी टेकत, स्वतःच्या पायांनी. खुर्ची नाही, चौघं नाहीत. "तीन माळे उतरून आले, आनि हितले दोन चढले," त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. "आईतवारी विहारातल्या बायांनाबी सांगितलं, डब्या फेका म्हणून. चौघींनी फेकल्या. बाकीच्या माझ्यावर रुसल्यात." घोट्याचा दाब एकशे दहा भरला.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी करिष्माने डॉक्टरांची परवानगी घेऊन मला पर्समध्ये टाकलं आणि बेलवलीला घरी नेलं. मला वाटलं, शेजारच्या कुणाचा पाय बघायचा असेल. रविवारी सकाळी तिची आई, काशीबाई, ओट्यावर बसून बोटाने दात घासत होती. हळूहळू, डोळे अर्धे मिटून. करिष्मा उंबऱ्यात उभी राहून नुसती बघत होती. हे दृश्य तिने जन्मापासून रोज बघितलं होतं.

"आये, तोंड धू आणि पाय इकडे कर."

"कशाला? मना काय झालंय? धडधाकट हाय मी."

"बाजारातून येताना पोटरी धरते म्हणालीस ना?"

"ती तं वरीसभर धरते. तूच नाय का नवीन चपला घेऊन दिल्यास?"

करिष्माने जेलीची बाटली उघडली. नऊ वर्षं तिने परक्यांच्या पायांवर मला टेकवलं होतं. आईने तिच्याचकडे पोटरीची तक्रार केली होती आणि तिने मऊ तळव्याच्या चपला आणल्या होत्या. तिने जेली लावली. मग मला आईच्या पावलावर टेकवलं.

हूऽऽ, हूऽऽ.

"कसला गं आवाज ह्यो? बरा हाय ना?" काशीबाईंनी विचारलं.

करिष्मा आईचं पाऊल दोन्ही हातांत धरून बसून राहिली. मग उठली, मोरीत गेली आणि कोनाड्यातली डबी उचलून तिने नळाखाली उपडी केली. काशीबाईंनी आरडाओरडा केला. करिष्मा पहिल्यांदाच आईला उलट बोलली नाही.

मित्रांनो, माझं आता वय झालं आहे. कांडीच्या टोकाला बारीकशी चीर गेली आहे, आणि एक दिवस लछमनदासही हात टेकतील. तोवर माझे सेल वेळेवर काढा, टोकावरची जेली वाळू देऊ नका, एवढंच माझ्यापुरतं मागणं. दुसरं मागणं तुमच्या घरातल्या माणसांसाठी आहे. आज घरी गेलात की आजीच्या, आजोबांच्या पावलाला हात लावून बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार आहे का? चालताना ती वाटेत थांबतात का? रात्री पाय खाली सोडून झोपतात का? आणि त्यांना तंबाखू खाता का, असं विचारू नका. मशेरी लावता का, असं विचारा. त्याला मशीन लागत नाही.

काशीबाईंना चालण्याचा व्यायाम आणि गोळ्या दिल्या आहेत. "यांच्याकडे आपण वेळेत पोचलो," असं डॉक्टर नूतन म्हणाल्या. करिष्मा हसली. मी हसू शकलो नाही. भिमाबाईंकडे मी दोन बोटं उशिरा पोचलो होतो.